माल उत्तम स्थितीत

आमच्या बेटावरच्या सुवा बंदराच्या गोदीत एक रीत आहे. जहाजाचं तळगोदाम उघडण्याआधी मुकादम एजंटच्या ऑफिसात फोन करतो आणि विचारतो, "कागद काय म्हणतो?" जहाजावरच्या लोकांवर कोणाचा विश्वास नसतो, कागदावर असतो. तो कागद एकोणीस वर्षं मी टाइप करतोय.

त्या मंगळवारी दुसऱ्या बेटावरच्या सावुसावूहून, इथून पुढे परदेशी जाणारं खोबरं घेऊन जहाज आलं. तिथे माल चढवताना जहाजाच्या अधिकाऱ्याने पावतीवर खरं ते लिहिलं होतं : खोबरं ओलं, हाताला गरम. ओलं खोबरं बंद गोदामात तापतं आणि आतली हवा खाऊन टाकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो शेरा मी टाइप करतो त्या कागदावर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर उतरला असता, तर परदेशातल्या खरेदीदाराने माल नाकारला असता. म्हणून व्यापाऱ्याने नेहमीचा तोडगा काढला. शेरा गाळा, पुढे मालाचं काही नुकसान निघालं तर मी भरून देईन, असं हमीपत्र त्याने जहाज कंपनीला दिलं.

"स्वच्छ बिल काढ, अपिसाई," साहेब म्हणाले. मी काढलं. 'माल उत्तम स्थितीत.' अशी बिलं मी ढिगाने काढली आहेत आणि त्यांपायी माझी झोप कधी उडाली नव्हती.

साहेबांची सही होते न होते तोच फोन वाजला. मुकादम व्हिलिकेसा, माझा मामेभाऊ. आमच्यात मामेभाऊ-आतेभावांना एकमेकांची टिंगल करायचा जन्मसिद्ध हक्क असतो.

"काय रे खुर्चीतल्या बेडका, जागा आहेस का?"

"तुझ्यासारखी ओझी वाहण्यापेक्षा बेडूक बरा."

"बेडकालाही बायको मिळते, तुला कुठे मिळाली? बरं, कागद काय म्हणतो?"

साहेब समोर उभे होते. व्यापारी चहा पीत बसला होता. मी कागदावरचं वाचून दाखवलं. "माल उत्तम स्थितीत."

"मग उतरतो."

'थांब' एवढंच म्हणायचं होतं. मी फोन ठेवला. शिडीच्या मध्यावर त्याचा हात सुटला म्हणे. वर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

कोर्टात त्याच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा कंपनीच्या वकिलाने तेच बिल उंच धरलं. हे बिल म्हणजे मालाची पावती, कराराचा पुरावा, मालकीचा दस्त. ज्याच्यावर बँका डोळे मिटून पैसे देतात, ते खोटं कसं असेल? माल चांगला होता. मुकादमच कोणाला न विचारता उतरला, आदल्या रात्री प्यायलेल्या यांगोनाची नशा उतरली नसेल. माझी साक्ष शुक्रवारी होती. हमीपत्राची प्रत माझ्या खणात होती आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

गुरुवारी मी व्हेलचा दात घेऊन मामांच्या दारी गेलो. आमच्याकडे माफी अशीच मागतात. समोरच्याने दात हातात घेतला की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही. इसिरेलीमामा चटईवर बसले होते. मी गुडघ्यांवर सरकत दात पुढे केला आणि सगळं सांगितलं.

मामांचा हात पुढे आला आणि थांबला.

"म्हणजे पोराने विचारलं होतं?"

"हो, मामा."

"आणि तू उत्तर दिलंस."

मी दात आणखी पुढे सरकवला.

"तुमचं ते हमीपत्रही असंच ना? काहीतरी हातात ठेवायचं, म्हणजे खरं ते गाळता येतं." त्यांनी दात माझ्याकडे परत सरकवला. "उद्या तिथे बोल."

"नोकरी जाईल, मामा. आतही टाकतील."

"माझा पोरगा दारात उभा आहे का, ते बघ जरा."

शुक्रवारी न्यायाधीशांनी बिल माझ्या हातात दिलं आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी ते वाचलं नाही. खिशातून हमीपत्र काढलं आणि म्हणालो, "त्याने मला विचारलं होतं. मी खोटं वाचलं."

साहेब माझ्याकडे बघत होते. मामा मागच्या बाकावर होते. निघताना ते माझ्यापाशी थांबले नाहीत.

दात अजून माझ्याकडेच आहे.