तीन इमारतींचा टांगा

मित्रांनो, मी एक जुना टांगा आहे. पैठण गेटजवळच्या सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं.

तो शुक्रवार नेहमीसारखाच होता. सुट्टीच्या दिवशी माझे मालक, इंजिनिअर कमरोद्दीनसाहेब, पाहुण्यांना माझ्यात बसवून आपण बांधलेल्या इमारती दाखवत. स्टेशनाजवळचा मुसाफिरखाना, औरंगपुऱ्यातला दवाखाना, शेवटी मुलींची शाळा. सपाट छतं, सरळ भिंती, नक्षी कुठंच नाही. कमानींच्या या शहराला त्या अर्धवट वाटत. शाळा उघडून कितीतरी वर्षं झाली, तरी मला हाकणारा चांदपाशा विचारायचाच, "साहेब, कमान कधी बसवनार?"

"अरे, खिडक्या बघ. वारा येतो तिकडं तोंड आहे त्यांचं."

साहेबांची मुलगी बिल्किस त्याच शाळेत शिकवायची. त्या दिवशीही त्यांनी विचारलं, "बेटा, वर्गात हवा येते का?"

"अब्बा, आधी कमान बसवा, मग हवेचं बघू!"

सगळे हसले. साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच ते गेले.

मग मी अंगणात पडून राहिलो. ज्या पितळी दिव्यांची लोक तारीफ करत, ते काळे पडले. गादी उंदरांनी कुरतडली. बिल्किस शाळेत पायी जाई, तीही मी नजरेस पडू नये म्हणून मागच्या गल्लीनं.

उन्हाळ्यात शाळेचे कारभारी नानासाहेब घरी आले. "बाई, लोक हसतात हो शाळेला. खिडक्या अर्ध्या बुजवून कमानी बसवाव्यात म्हणतो."

बिल्किस उठून दाराशी आली. मग म्हणाली, "चांदपाशा, टांगा काढा. नानासाहेब, चला."

चांदपाशानं चाकांना वंगण दिलं, दिवे पुसले. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. थोडं तेल लागतं, आणि अधूनमधून कुणीतरी येऊन बसावं लागतं. इमारतींचंही तसंच असावं.

मुसाफिरखाना झाला, दवाखाना झाला. भर दुपारी शाळेपाशी थांबलो. बिल्किसनं वर्ग उघडला, एकेक खिडकी उघडली. नानासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग पुसायचे थांबले.

"हवा येते की हो इथं!"

बिल्किस खिडकीशी उभी होती. तिच्या ओढणीचं टोक हलत होतं. ती नानासाहेबांकडं वळली नाही. माझ्याकडं, माझ्यावरच्या साहेबांच्या रिकाम्या जागेकडं पाहत ती मोठ्यानं म्हणाली,

"येते, अब्बा. पहिल्या दिवसापासून येते."