उंबरठ्यावर टांगलेली कामे

मी एक जुनी रांग आहे. तिकिटाच्या खिडकीपुढची नव्हे आणि दवाखान्यातलीही नव्हे. माझ्यात माणसे उभी राहत नाहीत, कामे उभी राहतात. कामे माणसांपेक्षा बरी. "मला फक्त एकच विचारायचंय" असे म्हणत कुठलेही काम मध्ये घुसत नाही.

मित्रांनो, माझे घर एका कॉम्प्युटरच्या अगदी आत, त्याच्या गाभ्यात आहे. तुम्ही वापरता ते सगळे प्रोग्राम बाहेरच्या खोल्यांत राहतात. पंख्याला, दिव्याला किंवा मोटारीला हात लावायचा असला की त्यांना गाभ्यात यावे लागते. काम झाले की उंबरठा ओलांडून ते पुन्हा आपापल्या खोलीत जातात. माझी जागा त्या उंबरठ्यावर. बाहेर पडणाऱ्याला मी थांबवते आणि त्याच्या नावावर टांगलेली कामे दाखवते. ती केल्याशिवाय सुटका नाही. "बाहेर चाललाच आहेस तर कचरा घेऊन जा," असे म्हणणारी आई तुमच्याही घरी असेल. गाभ्यात ते खाते माझ्याकडे आहे.

ही कामे टांगतात निरोपे. कुठे कळ दाबली गेली, कुठे पारा हलला, की निरोप्या धापा टाकत गाभ्यात येतो. त्याला रेंगाळायची परवानगी नसते, कारण तो अडला की मागचे सगळे अडतात. म्हणून तातडीचे तेवढे तो हातावेगळे करतो, उरलेले वेळखाऊ काम माझ्याकडे टांगतो आणि घंटी वाजवून पळतो. घंटी कशासाठी? ज्याच्या नावावर काम टांगले, तो झोपला असेल तर उठून उंबरठ्याशी यावा म्हणून. टांगणे आणि हाक मारणे, अशा या दोन गोष्टी आहेत. लोकांना पहिली लक्षात राहते.

मला घडवणारे हात अनेक, पण मला कामाला लावले एका भाचीने. तिच्या मावशीचे अंडी उबवण्याचे केंद्र होते. एका लांबट खोलीत काचेच्या दाराचे मोठे कपाट, कपाटात ट्रेवर ट्रे, ट्रेमध्ये अंडी, आणि वर हवा खेळती ठेवणारी एक झडप. भाची कॉम्प्युटरच्या गाभ्याचे काम शिकलेली. तिने या कपाटासाठी 'राखणदार' नावाचा प्रोग्राम लिहिला. अंडी वेळेवर फिरवणे, ऊब सांभाळणे, झडप उघडणे आणि मिटणे, सगळे त्याच्याकडे. राखणदार सुरू झाला त्या क्षणी मी, त्याची रांग, जन्माला आले.

पुढची कित्येक वर्षे आम्ही नेकीने काम केले. कौतुक अर्थातच राखणदाराचे झाले. "आमचा राखणदार कधी झोपत नाही," असे मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खरे सांगायचे तर तो बहुतेक वेळ झोपलेलाच असायचा. पण हाक मारली की उठायचा, आणि चांगल्या राखणदाराकडून आणखी काय हवे? माझे नाव कुणी कधी काढले नाही. उंबरठ्याकडे लोक फक्त ठेच लागल्यावर बघतात.

तशी ठेच एकदा लागली.

पिल्ले बाहेर पडण्याआधीचे शेवटचे दिवस फार नाजूक असतात. त्याबद्दल भाची मावशीला खोदून खोदून विचारत होती.

"मावशी, तेव्हा काय काय बंद असतं?"

"सगळं. अंडी फिरवणं बंद, दार उघडणं बंद, काचेवर टकटक बंद, तुझ्या काकांचं शिंकणं बंद."

"शिंक काय मला विचारून येते?" काका म्हणाले.

"अंगणात जाऊन शिंकायचं. आतल्या कुणाला ढोसायचं नाही. ज्याला यायचंय तो आपल्या वेळेला येईल."

भाची ऐकणारी मुलगी. तिने मावशीचा हा नियम थेट गाभ्यातच लिहून टाकला. अंडी फिरवणे बंद झाले की माझी घंटीही बंद. निरोप्यांनी कामे टांगावीत, पण कुणाला ढोसू नये. मित्रांनो, जगात चुका पुष्कळ होतात, पण कॉम्प्युटरने अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे वागावे ही चूक याच घरात होऊ शकत होती.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला, सकाळची कामे आटोपत आली असताना, कवचे तडकू लागली. पिल्ले बाहेर आली की आपली ऊबही सोबत आणतात. कपाट तापू लागले. राखणदार शहाणा. तो गाभ्यात आला, "झडप उघडा आणि उघडली की मला उठवा," असे म्हणाला आणि झोपला. थोड्या वेळाने मोटार तयार असल्याची बातमी घेऊन निरोप्या आला. पण झडपेची किल्ली राखणदाराकडे असल्यामुळे झडप त्यानेच उघडायची होती. निरोप्याने 'झडप उघडणे' हे काम राखणदाराच्या नावाने माझ्याकडे टांगले आणि नवीन नियमाप्रमाणे घंटी न वाजवता, पाऊलही न वाजवता तो निघून गेला.

म्हणजे राखणदार झडपेची वाट बघत झोपलेला, आणि झडप राखणदाराची वाट बघत मिटलेली. दोन सभ्य माणसे दारात "आधी तुम्ही" करत उभी राहावीत, तसे. फरक इतकाच की आत पिल्ले होती.

मला सगळे दिसत होते. काम माझ्याच हातात लोंबत होते. पण रांगेला तोंड नसते.

"पारा चढतोय गं," काचेला नाक लावून मावशी म्हणाली.

"इथे तर सगळं ठीक दाखवतंय." भाची पडद्याकडे बघत होती. पडद्यावर राखणदाराने झोपण्याआधी लिहिलेला आकडा होता.

"मग तो पडदा पिल्लांना दाखव. चोची वासून धापा टाकतायत बिचारी."

"दार जरा किलकिलं करूया का?" काकांनी विचारले.

"आणि कोरडी हवा आत घेऊ? अर्धी पिल्लं अजून कवचात आहेत. आतला पापुद्रा सुकला तर चिकटून बसतील तिथेच."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर बाहेर आलेली जातील," मावशी म्हणाली.

भाचीने झडप उघडण्याची कळ दाबली. आणखी एक 'झडप उघडणे' माझ्याकडे येऊन टांगले गेले. तिने पुन्हा दाबली. तिसरे आले. ती दाबत राहिली आणि माझ्याकडे एकसारख्या कामांची माळ होत गेली. दोरीवर एकाच माणसाचे सदरे वाळत घालावेत, तशी.

"हा ऐकतच नाहीये!"

"मी उघडते दार." मावशीचा हात कडीवर गेला. "कवचातल्यांचं जे व्हायचं ते होईल."

"मावशी, थांब! मी राखणदारालाच संपवते आणि नव्याने सुरू करते."

"अगं, राखणदारालाच मारतेस?"

"असा झोपण्यापेक्षा मेलेला बरा."

"हा प्रयोग माझ्यावर करू नकोस म्हणजे झालं," काका पुटपुटले. जेवणानंतर त्यांना डुलकी लागत असे.

भाचीने हुकूम सोडला. मित्रांनो, मरणाचा हुकूम झोपलेल्यालाही उठवतो. राखणदार दचकून उठला आणि शेवटचे निघाला. पण गाभ्यातला कायदा कडक आहे. मरणाऱ्यालाही आपली टांगलेली कामे उरकल्याशिवाय जाता येत नाही. मी त्याला थांबवले आणि पहिले काम पुढे केले. झडप उघडली. दुसरे केले, झडप उघडी. तिसरे, चौथे, झडप उघडीच. बिचारा मरता मरता उघडी झडप उघडत होता. शेवटचे काम संपले, तो गेला, आणि माझ्यावर पाटी लागली: येथे यापुढे काम टांगू नये.

वर खट्ट झाले. कोंडलेली वाफ बाहेर पडली. मावशीने कडीवरचा हात काढला. हळूहळू पिल्लांच्या चोची मिटल्या आणि चिवचिव सुरू झाली. कवचातलीही एकामागून एक बाहेर आली. कोपऱ्यातले एक, अगदी सुरुवातीला बाहेर पडलेले, तेवढे मात्र उठले नाही.

"बघ, बंद करून चालू केलं की सगळं होतं," काका म्हणाले.

"पण काका, मी अजून चालू केलंच नाहीये." भाची खुर्चीत ताठ बसली. "बंद होतानाच झडप उघडली. म्हणजे काम तिथे आधीपासूनच होतं. नुसतं पडून होतं."

"त्याला सांगितलं नव्हतंस?" मावशीने विचारले.

"टांगलं होतं."

"टांगणं म्हणजे सांगणं नव्हे गं."

"तूच म्हणालीस ना, कुणाला ढोसायचं नाही!"

"ते अंड्यांना. राखणदाराला ढोसायचंच असतं. इतकी वर्षं हा संसार कसा चाललाय वाटतं तुला?"

काकांनी खिडकीबाहेर बघितले.

भाचीने त्याच दुपारी घंटी पुन्हा बसवली. नव्या राखणदाराबरोबर नवी रांग आली आहे, तरतरीत आणि जरा आगाऊ. मी आता कामावर नाही. तरी बोलते आहे, कारण संपलेल्या रांगेची जागा कॉम्प्युटरच्या स्मृतीत लगेच पुसत नाहीत. नवा भाडेकरू येईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून असतो. तेवढीच माझी मुदत.

तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. काम पुढे ढकलण्यात पाप नाही. सगळेच लगेच करायचे ठरवले तर कुणाचेच काही होणार नाही, आणि माझ्यासारखीला तर जन्मच मिळाला नसता. पण ज्याच्या नावावर काम टाकले, त्याला हाक मारा. झोपला असेल तर हलवा. तो वैतागेल, कूस बदलेल, "काय कटकट आहे" म्हणेल. म्हणू द्या. कोपऱ्यातल्या त्या पिल्लाला कुणी वैतागलेले चालले असते.