कानाला पोचलेला हात

सेनगावकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावर जगन पळत गेला की पाच वाजले, असं समजून बाया चुली पेटवायच्या. आठ वर्षं झाली याला. त्याआधीचा जगन विचारूच नका! दिवसभर फाट्यावर पत्ते कुटायचा, दात गुटख्यानं लाल. पोलीस भरतीचं डोक्यात शिरलं आन् गड्यानं सगळं सोडलं. दंड भरले, छाती रुंदावली, सोळाशे मीटर पाच मिनिटं सात सेकंदांत मारू लागला. दोनदा एकेका गुणानं हुकला, तरी हटला नाही. लोक 'साहेब' म्हणून चिडवायचे आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

यंदाची जाहिरात लांबत लांबत निघाली. जगन सेनगावला फॉर्म भरायला गेला. संगणकावरच्या मिनाताईनं जन्मतारीख टाकली, तर फॉर्म पुढं सरकेचना. वयाची तेहतीसची अट अकरा दिवसांनी उलटली होती.

"दाखल्यावर एक जून हाय, दादा. मी काय करू?"

एक जून! तांड्यावरच्या निम्म्या लोकांचा जन्म मास्तरांनी त्याच तारखेला लावलेला.

जगन घरी येऊन ओट्यावर बसला. त्याच्या बापानं, बाबूसिंगनं, सगळं ऐकलं आणि तो खालीच बसला.

"मीच केलं रे हे. ऊसतोडीची गाडी दारात उभी राहनार व्हती. आश्रमशाळेत सहाच्या खालचं लेकरू घेईनात, अन् तू चारचा. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला, की मास्तर सहाचं समजायचा. आठ दिवस तुझा हात वढून वढून शिकवलं. तू मास्तरसमोर बराबर कान धरला. मी किती हसलो त्या दिवशी!"

जगनला ते हसू आठवलं, दुखरी काखही आठवली. खरं वय एकतीस, आणि कुठल्याच कागदाला ते ठाऊक नाही. राग आला, भयंकर आला. पण काढणार कोणावर? समोर म्हातारा रडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं बूट चढवले.

"आता काहून पळून राहिला, लेका?" बाबूसिंगनं अंथरुणातून विचारलं.

"मंग काय करू, बा?"

म्हातारा काही सांगेल म्हणून जगन दारात जरा थांबला. बाबूसिंगनं गोधडी तोंडावर ओढून घेतली. मग जगन पळायला लागला, आणि पाच वाजले म्हणून बायांनी चुली पेटवल्या.