क्रमांक ८८ चं मत

शनिवारी दुपारी सव्वादोनला माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला आणि तो पुसायचंही मला सुचलं नाही. समोर 'अकरा उंबरठे' ही कादंबरी उघडी होती. तिच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या कागदावर, सगळ्यात खाली, पेन्सिलीने लिहिलं होतं :

"क्रमांक ३४१. मी शनिवारी दोन वाजता जाणार आहे. बाबा तेव्हा कामावर गेलेले असतात. ८८ क्रमांकाच्या आजोबांना अजून थोडं विचारायचं होतं, पण ते कधी भेटलेच नाहीत. परत यायला किती दिवस लागतात ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून पुस्तक आधीच परत करते आहे."

क्रमांक ३४१ म्हणजे खारूताई. हे नाव मीच ठेवलेलं, कारण ती पुस्तक घेऊन शिडीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसते आणि खाली उतर म्हटलं की आणखी वर सरकते. वय नऊ. आई गेल्या वर्षी गेली. पुस्तक सकाळीच वाचनालयाच्या परतीच्या पेटीत पडलं होतं. ती पेटी मी दहाला उघडायची असते. पण शनिवार, गर्दी नाही, म्हणून मी आधी वर्तमानपत्र वाचलं, मग डबा खाल्ला, मग चहा केला.

आता ८८ क्रमांकाचे आजोबा. ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकामागे एक रेघांचा कागद असतो. वाचून झालं की मत लिहायचं. नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव नसलं की माणसं खरं बोलतात, असा संस्थापकांचा समज होता. माझा अनुभव असा की नाव नसलं की माणसं वाटेल ते बोलतात.

'अकरा उंबरठे'बद्दलही बोलली होती. क्रमांक ५६ ने लिहिलं होतं, "पहिली शंभर पानं नायिका नुसती सामान बांधते. मी असतो तर एव्हाना जाऊन परत आलो असतो." क्रमांक १९० ला पाचवं जग आवडलं होतं, कारण तिथे सकाळी उठायची सक्ती नाही. क्रमांक १२ चा आक्षेप, "एका जगातून दुसऱ्या जगात एवढी पायपीट, पण कुणाला एकदाही भूक लागत नाही?" त्यानंतर दीड वर्ष पुस्तक कुणी नेलं नाही. दोन वर्षं नेलं नाही की ते रद्दीत जातं, हा समितीचा नियम. आणि मी ते चार वेळा वाचलेलं. माझा जीव त्यात अडकलेला.

म्हणून मी एक नसती उठाठेव केली. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाचा क्रमांक घेतला आणि डाव्या हाताने, थरथरत्या अक्षरात मत लिहिलं :

"क्रमांक ८८. नवव्या प्रकरणातली रीत करून पाहिली. खरंच जाता येतं. दहाव्या जगात आमची ही भेटली. चहात साखर अजून तेवढीच घालता का, म्हणून रागावली. पेटीच्या झाकणात ठोकळा अडकवायची काही गरज नाही, वेळ झाली की झाकण आपलं आपण उघडतं. भीती वाटली तरी आतून ढकलू नये, वाट मोडते."

कादंबरीतली रीत साधी आहे. लाकडी पेटीत शिरायचं, मुठीत मीठ, मनात एक नाव, आणि झाकण लावून घ्यायचं. दहाव्या जगात गेलेली माणसं असतात. पण झाकणात ठोकळा अडकवून फट ठेवायची, हे लेखकाने तीनदा बजावलंय. लेखक शहाणा. मी अतिशहाणी. ठोकळ्याचं ते वाक्य मी केवळ गंमत वाढावी म्हणून घातलं. लोक खूप हसले. पुस्तक वर्षभरात अकरा जणांनी नेलं आणि मी स्वतःवरच खूश होते.

मी नोंदवहीतून तिच्या बाबांचा फोन लावला. ते कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर असतात. फोन फाटकावरच्या माणसाने उचलला. आत फोन न्यायला बंदी आहे, म्हणाला.

"त्यांना घरी पाठवा. पोरगी पेटीत अडकलीय म्हणावं."

"कसल्या पेटीत?"

"अहो पाठवा हो!" मी ओरडले आणि वाचनालय उघडं टाकून धावत सुटले.

तिचं घर चार गल्ल्या पलीकडे. माझं वय पंचावन्न, आणि धावायची सवय शाळेतच सुटलेली. इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, काय झालं?" मी थांबले नाही. दोन वाजून एकवीस मिनिटं. ती शब्दाची पक्की आहे. दोन म्हणजे दोन. बंद पेटीत नऊ वर्षांच्या मुलीला किती वेळ हवा पुरते, याचा हिशेब मी करत होते आणि तो मला येत नव्हता.

तळमजल्यावर शिंपीमास्तरांचं दुकान. खारूताईची आई नाटकांचे कपडे शिवायची, ती यांच्याचकडे शिकलेली. वरच्या घराची दुसरी किल्ली यांच्याजवळ असते. मी एका दमात काय ते सांगितलं. मास्तरांनी खुंटीवरची किल्ली ओढली. गुडघा दुखरा, तरी जिन्यावर ते माझ्यापुढे होते. किल्ली कुलपात जाईना. मी त्यांच्या हातातून ती हिसकावूनच घेतली.

पुढची खोली नीट आवरलेली. स्वयंपाकघरात ओट्यावर मिठाची बरणी, झाकण बाजूला. म्हणजे मीठ घेऊन झालं होतं.

"मागे बघा," मास्तर म्हणाले. "पेट्या मागे आहेत."

मागच्या खोलीचं दार मी ढकललं. तिथे एक पेटी नव्हती. चौदा होत्या. राजांच्या अंगरख्यांच्या, शिपायांच्या, दरबाऱ्यांच्या. भिंतीला लागून तीन रांगांत ठेवलेल्या, प्रत्येकीला लोखंडी कडी. कडी अशी की झाकण पडलं की ती आपोआप कोयंड्यावर बसते. चौदाही कड्या बसलेल्या होत्या.

"खारूताई!" मी ओरडले. "अगं ए, कुठे आहेस?"

काही नाही. मास्तरांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, दोनदा, तिसऱ्यांदा जवळजवळ रडत. काही नाही. मी पहिली कडी उपटायला लागले. गंजलेली. नखाखालून रक्त आलं तेव्हा ती सुटली. आत नुसत्या झुली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. दुसरी. आत लाकडी तलवारी. मास्तर तिसरीशी झटत होते. अशाने चौदा उघडायला पाव तास गेला असता.

आणि मग मला आठवलं. ती उत्तर देणारच नव्हती. नवव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय : अंधारात आपल्या नावाने हाक मारतो तो तोतया असतो, ओळखीचा आवाज काढतो, त्याला ओ द्यायची नाही. आम्ही जितक्या हाका मारू तितकी ती तोंड घट्ट मिटून बसणार. शुद्धीवर असलीच तर.

"मास्तर, थांबा. एक अक्षर बोलू नका."

ते थांबले. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. कादंबरीत ओ द्यायची ती एकालाच, दहाव्या उंबरठ्याच्या द्वारपालाला. त्याचा प्रश्न मला पाठ होता. पुस्तक चार वेळा वाचलं त्याचा आयुष्यात हा एकच उपयोग. मी आवाज जाड केला.

"प्रवासी, सोबत काय आणलंस?"

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

"प्रवासी, सोबत काय आणलंस?" या वेळी मी जवळजवळ किंचाळलेच.

भिंतीकडून, अगदी खालून, झोपेत बोलावं तसं आलं, "मीठ... आणि आईचं नाव."

दुसऱ्या रांगेतली शेवटची पेटी. मास्तरांनी कात्री कडीत घालून पिरगाळली. कात्रीचं पातं मोडलं, पण कडी सुटली. झाकण उघडलं. आत ती हिरव्या शालूवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. केस चिंब, ओठ पांढरेफटक, उजवी मूठ घट्ट. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि खिडकीपाशी नेलं. ती मोठमोठ्याने श्वास घ्यायला लागली. मास्तर भिंतीला टेकून खालीच बसले. माझ्या जिवात जीव आला असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. मला उलट आणखी भीती वाटायला लागली. आता ती बोलणार होती.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही कधी गेलात?"

"कुठे गं?"

"म्हणजे... तुम्ही पण वारलात?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. "नाही गं. मी आहे. तू पण आहेस. हे तुझंच घर आहे."

तिने खोली पाहिली. मास्तर पाहिले. उघडी पेटी पाहिली. चेहरा हळूहळू पडत गेला.

"मला खूप भीती वाटली होती," ती म्हणाली. "मला बाहेर यायचं होतं. पण मी ढकललं नाही. आजोबांनी लिहिलंय ना, आपलं आपण उघडतं, ढकललं की वाट मोडते. मी ठोकळा पण काढून ठेवला." तिने बोट दाखवलं. खिडकीच्या कठड्यावर एक छोटा लाकडी ठोकळा होता. तिने आधी तो शोधून आणला होता, आणि मग माझं वाचून बाजूला ठेवला होता.

जिन्यावर धावती पावलं वाजली. तिचे बाबा दारात आले, अंगात कामावरचा ओला डगला. त्यांनी एका झेपेत तिला उचललं. तिच्या खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेत कृतज्ञता होती. तीच मला सोसेना.

"ते आजोबांनी नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. त्यांच्या क्रमांकावर. गंमत म्हणून."

बाबांना पहिल्यांदा कळलंच नाही. मास्तरांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. खारूताई मात्र विचार करत होती.

"मग आजोबांना त्यांची बायको भेटली नाही?"

"नाही."

"साखरेचं पण खोटं?"

"ते पण."

तिने मूठ उघडली. मीठ घामाने ओलं होऊन तळव्याला चिकटलं होतं. ते तिने फ्रॉकला पुसलं आणि बाबांच्या मानेत तोंड घालून रडायला लागली. वर्षभरात ती रडली नव्हती, असं बाबा मला नंतर म्हणाले. बाकी बरंच काही म्हणाले, आणि ते सगळं मी ऐकून घेतलं.

सोमवारी मी समितीला राजीनामा दिला. नवा माणूस मिळेपर्यंत बसा म्हणाले, म्हणून बसले आहे. 'अकरा उंबरठे'मागचा कागद फाडून टाकणार होते, पण खारूताईने सांगून पाठवलं की फाडू नका, खाली खरं काय ते लिहा, नाहीतर दुसरं कुणीतरी पेटीत बसेल. मी ८८ खाली माझा क्रमांक घालून लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती बाबांबरोबर आली. शिडीवर चढली नाही. माझ्याशी बोलली नाही. पुस्तक मागून घेतलं, उभ्या उभ्याच पेन्सिलीने लिहिलं आणि गेली.

"क्रमांक ३४१. आत नुसता अंधार असतो. आई नसते. पण पुस्तक चांगलं आहे."