बेरिलने टांगलेला आठ

त्या दिवशी रॉयस्टन पेलोला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकते. शर्यत जिंकली, तर स्टॅनबरीसाहेबांच्या मोठ्या संघात जागा आणि युरोपभर शर्यती. हरली, तर सोमवारी पुन्हा कॉर्नवॉलमध्ये लोकांच्या ट्रॅक्टरखाली, हातात पाना घेऊन.

मित्रांनो, शर्यत चालू असताना कठड्यावरून चालकाला दाखवतात ना, ती मी लाकडी पाटी. रॉयस्टनच्या बायकोने, बेरिलने, मला जुन्या कपाटाच्या दारातून कापलं, काळा रंग दिला, खिळे ठोकले. शर्यत संपत आली, की उरलेल्या फेऱ्यांचा पत्र्याचा आकडा ती दर फेरीला माझ्यावर टांगायची. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून रॉयस्टन फक्त माझं ऐकायचा. बायकोचं तर घरीही नाही.

पण माझ्यावर तीन दिसला की त्याच्या अंगात यायचं. शेवटच्या तीन फेऱ्या तो गाडीला असा पिदडायचा, की जिंकता जिंकता गिअरबॉक्स मान टाकायचा.

"तुमचा नवरा वेगवान आहे, मिसेस पेलो," स्टॅनबरीसाहेब त्या सकाळी म्हणाले, "पण मला शेवटपर्यंत धड गाडी आणणारा हवाय."

"घरी कपबशाही तो अशाच धुतो," बेरिल म्हणाली.

शर्यत नॉरफोकमधल्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, बोचरा वारा. रॉयस्टन पहिला होता. पाच फेऱ्या उरल्या. त्या दिवशीचा पहिला आकडा म्हणून बेरिलने पाच हातात घेतला, क्षणभर थांबली, आणि आठ टांगला.

"बाई, चुकलात," शेजारचा मेकॅनिक म्हणाला.

"चुकले नाही. नऊ वर्षं संसार केलाय."

आठ, सात, सहा, पाच, चार. आपला गडी आरामात, गाडीला गोंजारत फिरत राहिला आणि पहिला आला. शर्यत संपल्याचा झेंडा पडला तेव्हा माझ्यावर तीन होता. त्याने झेंड्याकडे बघितलंच नाही. मला बघितलं आणि उधळला. विजेत्यासाठी वळणावळणावरचे पंच रिवाजाप्रमाणे झेंडे हलवत होते. याला वाटलं, आपल्याला चेव देताहेत. पलीकडच्या वळणावर गिअरबॉक्स फुटला.

हेल्मेट काखेत मारून तो चालत आला. चेहरा पडलेला. "गेलं सगळं. तीनच फेऱ्या राहिल्या होत्या गं."

"चहा घे. एकही राहिली नव्हती. तू जिंकलायस."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. स्टॅनबरीसाहेबांची हसता हसता टोपी पडली. "झेंड्यापर्यंत गाडी धड आली, मला पुरे. पण पेलो, बायकोला घेतल्याशिवाय यायचं नाही."

मग अकरा वर्षं आम्ही तिघं हिंडलो. इटलीत मला ऊन लागलं, बेल्जियममध्ये मी भिजून फुगले, बेरिलने दर हिवाळ्यात मला नवा रंग दिला. आता मी गॅरेजच्या भिंतीला टेकून आहे. मित्रांनो, पाटी जपायची तर रंग दिला नाही तरी चालेल, पण तिच्यावर खरं लिहा.

कारण हिशेब असा झाला. स्टॅनबरीसाहेबांना चालक मिळाला, रॉयस्टनला गाडी, बेरिलला युरोप. आणि किंमत मोजली मी: पुढची अकरा वर्षं रॉयस्टन मला वाचायचा, आणि मग स्वतःच्या बोटांवर मोजून बघायचा.