वाळूपर्यंत जाणारा जिना

मित्रांनो, जिन्याला सांगण्यासारखे असे काय असणार, असे तुम्हाला वाटले तर त्यात तुमची चूक नाही. मलाही तसेच वाटते. लोक चढतात, लोक उतरतात, मी जागचा हलत नाही. पण आता माझ्यावर कुणी पाय ठेवत नाही आणि रिकामपणी जुने आठवत राहते. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. कंटाळलात तर मध्येच उठून जा, मी रागावणार नाही.

मी लाकडी आहे. माझ्या डोक्याशी जंगल आहे आणि पायाशी वाळू होती. जंगल संपते तिथे पूर्वी मातीचा निसरडा उतार होता. मोठी माणसे घसरत उतरायची आणि लहान मुलांना कडेवर घ्यावे लागायचे. म्हणून गावातल्या सुताराने मला केले. वादळात आडवे झालेले एक झाड त्याने मागून घेतले, जागेवरच कापले आणि रंधा मारून फळ्या काढल्या.

पायरीची उंची मात्र त्याने रीतीप्रमाणे ठेवली नाही. त्याची मुलगी तेव्हा नुकती चालू लागली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. तिला त्याने फळीशेजारी उभे केले, पाय उचलायला लावला आणि तिथे पेन्सिलीने खूण केली.

"अहो, मोठ्या माणसांनी काय करायचं मग?" चिमणीची आई म्हणाली. "कोंबडीसारखं टुकूटुकू उतरायचं?"

"उतरू देत की! सुट्टीला आलेत ना? घाई कसली आहे?"

आणि खरोखरच भलीभली माणसे माझ्यावरून टुकूटुकू उतरू लागली. उतरताना त्यांना स्वतःचेच हसू येई. मुले मात्र कुणाचा हात न धरता वाळूपर्यंत पोचत. "आपली आपण उतरली हो!" असे एखादी आजी ओरडून सांगे, तेव्हा मला फार बरे वाटे.

किनारा शांत होता. पाणी लांबवर गुडघाभरच असे. दुपारपर्यंत झाडांची सावली वाळूवर पडे. आया चादरी पसरत, आजोबा मंडळी पुस्तक उघडून तोंडावर पालथे घालत आणि घोरत.

एकच गोष्ट लोकांना खटके. माझ्या पायापासून वाळूवर एक वेल पसरली होती, जांभळ्या फुलांची, दोरखंडासारखी चिवट. मुलांच्या पायात ती यायची. एका मुलाचा ओठ फुटला तेव्हा ठरले, की सुट्ट्या लागण्याआधी दरवर्षी ती उपटून टाकायची. त्या दिवशी सगळे गाव जमे. सुतार कोयता घेऊन सर्वांच्या पुढे असे.

"ओढा की जोरात! हात आहेत का शेवया?"

"आधी पोटाला घाला, मग हात बघा!"

संध्याकाळी किनारा सारवलेल्या अंगणासारखा दिसे. पाहुणे म्हणत, "किती काळजी घेता हो तुम्ही!" घेतच होते. मुलांवरच्या मायेनेच ते सगळे चालले होते. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगतो.

मग एका वर्षी पावसाळ्यानंतर माझी शेवटची पायरी अधांतरी राहिली. वाळू खाली गेली होती. सुतार डोके खाजवत म्हणाला, "जिना आखडला की काय?" आणि त्याने खाली आणखी एक पायरी जोडली, तेवढ्याच उंचीची. पुढच्या वर्षी आणखी एक. मुले टाळ्या पिटत, "जिना मोठा झाला!" मलाही वाटले, मी वाढतो आहे. वाळू गेली कुठे, हे विचारायचे सगळ्यांकडूनच राहून गेले.

असे करता करता एका वर्षी नव्या पायरीखाली वाळू लागलीच नाही, दगड लागले. पुढची झाडे मुळे उघडी पडून कलली. चादरी पसरायला जागा उरेना, तसे लोक येईनासे झाले.

सुतार तेव्हा म्हातारा झाला होता. तो एकदा खडकांपलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथे अडचणीमुळे कुणीच जात नसे, म्हणून तिथली वेल कुणी उपटली नव्हती. आणि तिथे वाळू होती. परत येऊन तो माझ्यावर बराच वेळ बसला. दुसऱ्या दिवसापासून तो टोपलीतून वेल आणून माझ्या पायाशी, दगडांच्या फटींत लावू लागला. भरतीच्या लाटा ती घेऊन जात. तो पुन्हा लावी.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली. "समुद्राशी कुठं हट्ट चालतो?"

"चिमणी तिच्या पोरीला घेऊन येतेय. चालायला लागलीय म्हणे. तिला आपली आपण वाळूत उतरायला नको?"

वेल उपटल्यानेच वाळू गेली का, मला ठाऊक नाही. कदाचित ती तशीही गेली असती. पण सुताराला तसे वाटत नव्हते, आणि वेल काही रुजली नाही.

त्यातच वनरक्षक बाई आल्या. माझा खालचा भाग हलवून पाहत म्हणाल्या, "काका, हा काढावाच लागेल. एखादी लाट आली आणि कुणी गेलं तर?"

"नात येऊन जाऊ दे, बाई. मग मीच काढतो."

नात आली. चिमणी मागून येत होती आणि ती पोर एकटी पुढे उतरत होती. प्रत्येक पायरी तिच्या पायाला बरोबर बसत होती. दर पायरीला ती "अजून! अजून!" म्हणे आणि टाळी वाजवी. शेवटच्या पायरीवर मात्र ती थबकली. खाली काळे दगड होते, त्यांच्यात फेस फुटत होता. तिने एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. चिमणीने तिला पटकन उचलले.

"एकदाच पाय टेकव तिचा," सुतार म्हणाला. "मी धरतो की घट्ट."

"कुठे टेकवू, बाबा?"

ती रागाने बोलली नव्हती. तिने खरेच विचारले होते. सुताराने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग म्हणाला, "चला वर. हिला भूक लागली असेल."

ती मंडळी गेल्यावर तो करवत घेऊन आला. त्याने माझा खालचा अर्धा भाग कापला आणि एकेक फळी वर ओढून नेली. वरच्या तोंडाशी एक आडवी फळी ठोकली. त्यानंतर तो इकडे आलेला नाही.

मित्रांनो, इथे मी काही शिकवण सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. तुमच्याकडे असा किनारा असेल तर तिथली वेल उपटू नका, एवढेच मला सुचते. माझ्यासाठी मागायचे काही उरलेले नाही. ती आडवी फळीही आता कुजत चालली आहे. चुकून कधी इकडे आलात, तर धाकट्या भावंडांचा हात सोडू नका. माझ्या पायऱ्या त्यांना फार सोप्या जातात.