गप्प केलेली वॉर्निंग

साहेबांनी कॉफीचा कप भिरकावला. तो मास्तरांच्या कपाळावर लागून फुटला.

"तोंड शिवून ठेवा! ती बाई जिना चढतेय. तिच्या नवऱ्यानं बटण उशिरा दाबलं, एवढंच सांगायचं. कळलं?"

मास्तर म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. कुणी पायावर पाय दिला तरी स्वतःच माफी मागणारा माणूस!

जमिनीवर उभं राहून क्रेन चालवायच्या रिमोटचा वायरलेस ड्रायव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल क्रेनला पोचवणारा प्रोग्राम, त्यांनीच लिहिलेला. कोड तपासणारा कंपायलर रोज वॉर्निंग देत बोंबलत होता, या व्हेरिएबलना, म्हणजे माहिती साठवायच्या कप्प्यांना, सुरुवातीची किंमतच दिलेली नाही, आतून काय कचरा निघेल नेम नाही. वॉर्निंग घालवा म्हणून साहेब मानगुटीवर बसलेले. मास्तरांनी कुठे काय हवं ते न बघता सगळीकडे शून्य भरलं. वॉर्निंग गेल्या, साहेबांनी पाठ थोपटली. पण आमच्या कोडमध्ये शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. साइटवर सिग्नल तुटला, तेव्हा क्रेन आपोआप थांबायला हवी होती. ड्रायव्हर मात्र 'सगळं ठीक'च सांगत राहिला आणि लोखंडी तुळया चालकाच्या अंगावर आल्या. थांबवायचं बटण त्यानं वेळेवर दाबलं होतं, पण ते क्रेनपर्यंत पोचलंच नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या चालकाची बायको आत आली. सोबत दीर.

"काय सांगू वहिनी, त्यांनी बटण उशिरा..." साहेबांनी गळा काढला.

"खोटं आहे," मास्तर उठले. "त्यांनी वेळेवर दाबलं. चूक माझी."

दिरानं कॉलर धरून त्यांना टेबलावर आपटलं. चष्मा फुटला, नाकातून भळाभळा रक्त आलं. मास्तरांनी हात वर केला नाही.

"अहो, मरतील ते!" मी त्याच्या दंडाला लोंबकळले.

"मरू दे! माझा भाऊ मेला!"

तो मेला साहेब दाराआड लपला होता. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला.

"थांबा, भाऊजी." बाई पुढे आली. "कुठे केलीत चूक? दाखवा."

मास्तरांनी स्क्रीनवरच्या एका ओळीवर रक्ताळलेलं बोट ठेवलं.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "शाळेत पोरं माझ्या मुलीला चिडवतात, तुझा बाप कामावर झोपला होता म्हणून. चला, हे तिला सांगा."

"गेलात तर नोकरी गेली समजा!" साहेब दाराआडून ओरडले.

मास्तर बाहीनं नाक पुसत तिच्या मागोमाग जिना उतरले.